दीड टनाचा भिंतीवरचा एसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

झोपायच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवून आता आठ महिने झाले. थंडाव्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र पहिले काही महिने मी तो चुकीच्या पद्धतीने चालवत होतो आणि त्या चुकांचा दोष यंत्राला देत होतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

उन्हातून आल्यावर मी रिमोटवर थेट १६ अंश लावत असे, कारण त्यामुळे खोली लवकर गार होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात खोली तापलेली असेपर्यंत कॉम्प्रेसर २५ अंशांवरही जोरातच चालतो. पुढे २५ गाठत आल्यावर तो वेग कमी करतो, १६ वर मात्र त्याला उसंतच मिळत नाही. आता मी २५ अंश ठेवून छताचा पंखा मंद गतीवर लावतो आणि दारे-खिडक्या नीट बंद करतो. पहाटे पांघरूण ओढण्याची वेळ येत नाही आणि विजेचे बिलही उतरले आहे.

रिमोटवरच्या आकड्याविषयी आणखी एक गोष्ट उशिरा कळली. तो आकडा खोलीचे तापमान दाखवत नाही, आपली मागणी दाखवतो. इनडोअर युनिटमधला सेन्सर साधारणपणे आत ओढल्या जाणाऱ्या, म्हणजे छताजवळच्या हवेचे तापमान मोजतो, आणि तिथली हवा पलंगाजवळच्या हवेपेक्षा गरम असू शकते. आमच्याकडे झडपा खाली वळवलेल्या असल्याने गार झोत सरळ पलंगावर येई आणि आईचे गुडघे आखडत. झडपा आडव्या केल्यावर गार हवा समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन सावकाश खाली उतरू लागली, आणि त्याच २५ अंशांत तिला शांत झोप लागू लागली.

चौथ्या महिन्यात युनिटमधून भिंतीवर पाणी ठिबकू लागले. आलेल्या मेकॅनिकने झाकण न उघडताच गॅस भरावा लागेल असे सांगितले. गॅस हा इंधनासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असते आणि ती आधी शोधावी लागते, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी प्रथम प्रेशर तपासण्याचा आग्रह धरला. प्रेशर व्यवस्थित निघाले. खरे कारण माझ्याच निष्काळजीपणात होते: हवा गाळणाऱ्या जाळ्यांवर धुळीचा जाड थर बसल्यामुळे कॉइलवरून, म्हणजे आतल्या गार नळ्यांवरून, पुरेशी हवा जात नव्हती, तिच्यावर बर्फ धरत होता, आणि तो वितळल्यावरचे पाणी शेवाळासारख्या चिकट मळाने अर्धवट तुंबलेल्या ड्रेन पाइपातून वाहून जाऊ शकत नव्हते. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी जाळ्या काढून साध्या पाण्याने धुतो आणि सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवतो. या कामाला जेमतेम दहा मिनिटे लागतात. माझ्या मते एसीच्या देखभालीत घरच्या माणसाने करण्यासारखे याहून महत्त्वाचे काम नाही.

सुरू करताच येणारा कुबट वासही आता जवळजवळ गेला आहे. कॉइल ओली राहिली की तिच्यावर बुरशी धरते, म्हणून बंद करण्यापूर्वी वीस मिनिटे मी नुसता फॅन मोड लावतो. हवा दमट असली तरी फारसा उकाडा नसेल, तेव्हा ड्राय मोड पुरतो. भर उन्हाळ्यात मात्र त्याच्याकडून थंडाव्याची अपेक्षा ठेवू नये.

या मॉडेलमध्ये दोन उणिवा मला जाणवल्या. रिमोटच्या पडद्याला दिवा नसल्याने अंधारात काहीच वाचता येत नाही, आणि रिमोटचा संदेश युनिटपर्यंत पोहोचला नाही तरी पडद्यावरचा आकडा बदलतो, त्यामुळे बीप ऐकू आल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. रिमोटचे सेल अचानक संपले, तर पुढचे झाकण उचलल्यावर उजव्या बाजूला एक लहान बटण दिसते. ते दाबले की एसी ऑटो मोडवर सुरू होतो.