२५२ रुपयांची कॅपुचिनो

रत्नागिरीत एका मोठ्या साखळीतल्या कॉफीच्या दुकानाची शाखा सुरू झाल्यापासून घरी येणारे अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात: तिथली कॉफी तेवढ्या पैशांची असते का? गेल्या दोन महिन्यांत मी तिथे सात वेळा गेले, त्यांपैकी पाच वेळा सी.ए.च्या परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीबरोबर, आणि वेगवेगळी पेये मागवून पाहिली. गरम कॉफी तिथेच बसून प्यायची असेल तर पैसे बऱ्यापैकी वसूल होतात, थंड आणि गोड पेयांवर मात्र ते वाया जातात, असे माझे मत झाले आहे.

कॅपुचिनोची किंमत २४० रुपये असून ५ टक्के जीएसटी धरून बिल २५२ रुपयांचे होते. कॅपुचिनोत फेसाळ दुधाखाली एस्प्रेसो, म्हणजे यंत्रातून दाबाने काढलेला कॉफीचा दाट अर्क असतो; त्याच्या दुहेरी मापाला साधारण १८ ग्रॅम पूड लागते. बियांचा भाव किलोला २,००० रुपये असा चढाच धरला तरी ती ३६ रुपयांची झाली. वर दीडशे मिलिलिटर दुधाचे दहा-बारा रुपये. म्हणजे कपातला ऐवज पन्नास रुपयांच्या आतला, आणि बाकीचे दोनशे रुपये जागा, वीज, यंत्र, पगार, कर आणि नफा यांचे. हा हिशेब ऐकून लोक रागावतात, पण यंत्रातून उतरणारी कॉफी घरी उतरवता येत नाही, ही गोष्ट त्यात धरली जात नाही. त्या यंत्रात ९ बार दाबाखाली पंचवीस-तीस सेकंदांत अर्क निघतो. घरच्या मोका पॉटमधला, म्हणजे गॅसवर ठेवून कॉफी काढायच्या भांड्यातला, दाब जेमतेम दीड बारच्या आसपास असतो. शिवाय पावसाळ्यात आपल्या हवेत कॉफीचे काय होते, हे कोकणात संसार केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. झाकण जरा सैल राहिले की बरणीतल्या इन्स्टंट कॉफीचा काळा गोळा होतो आणि त्यात चमचाही रुतत नाही. समोर दळलेल्या बियांचा ताजा वास मला ऐन जुलैत मिळाला तो तिथेच.

या कॉफीची चव बिघडवण्यात आपलाही हात असतो. वाफेवर फेसाळलेले दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापले की गोडसर लागते; सत्तरच्या पुढे गेले की ती गोडी जाऊन उकळलेल्या दुधाचा वास येऊ लागतो. आपल्याला चहा कसा, ओठाला चटका बसेल असा हवा असतो, म्हणून इथले बहुतेक ग्राहक कॉफीही ‘एकदम कडक गरम’ मागतात आणि नंतर ती कडू लागते अशी तक्रार करतात. मी पहिल्या खेपेला तेच केले होते. दुसऱ्यांदा काहीच न सांगता घेतली, तेव्हा साखरेची पुडी फोडावीशी वाटली नाही.

थंड पेयांविषयी माझी खरी तक्रार आहे. तिसऱ्या खेपेला ३३० रुपयांची, करासह ३४६ रुपये ५० पैशांची थंड कॉफी मागवली आणि घसा बसला होता म्हणून बर्फ घालू नका असे सांगितले. समोर आलेला प्लास्टिकचा पेला निम्म्याहून थोडाच वर भरला होता. काउंटरवरच्या मुलाने अतिशय नम्रपणे सांगितले की दुधाचे आणि कॉफीचे माप ठरलेले असते, बर्फ नको असेल तरी ते वाढवता येत नाही. मुलाचा यात काहीच दोष नाही, पण पेल्याची उरलेली जागा एरवी कशाने भरते, हे त्या दिवशी कळले. मोठ्या मापातही कॉफीचे दोनच शॉट, म्हणजे एस्प्रेसोची दोनच मापे, असतात, हेही त्यानेच विचारल्यावर सांगितले. जास्तीचे सत्तर रुपये दूध, बर्फ आणि पाकाचे.

आणि तो पाक! हेझलनटचे सिरप घालण्याचे साठ रुपये वेगळे पडतात आणि पहिल्या दोन घोटांनंतर फक्त साखर जाणवते. आपल्याकडे लग्नघरातल्या कॉफीत जायफळ पडते, तेही ताजे किसलेले. जायफळ आडवे कापले की आत तपकिरी-पांढऱ्या शिरांची नक्षी दिसते. सहाणेवर चार वळसे उगाळले तरी अर्धा लिटर दुधाला पुरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ आणि ‘कोकण स्वाद’ अशा जायफळाच्या जाती दिल्या आहेत आणि नारळी-पोफळीच्या सावलीत हे झाड चांगले येते. तरीही आपल्याच जिल्ह्यातल्या दुकानात जायफळाची कॉफी मिळत नाही आणि हेझलनटची मिळते, याचे मला मनापासून वाईट वाटते. उन्हातून आल्यावर थंडच काही हवे असेल, तर वीस-पंचवीस रुपयांच्या कोकम सरबताने जी तहान भागते ती त्या थंड कॉफीने भागत नाही.

आता बसण्याच्या जागेविषयी, कारण भाची पेयापेक्षा तिच्यासाठीच जाते. आपल्या गावातल्या हॉटेलांत चहा उत्तम मिळतो, पण कप रिकामा झाला की फडके घेऊन पोऱ्या टेबलाशी येतो, आणि गर्दीच्या वेळी ते योग्यच आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने एकटीने वह्या-पुस्तके पसरून तीन तास बसावे, अशी जागा मला इथे दुसरी माहीत नाही. “मावशी, इथे कोणी बघत नाही,” असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली. पंखा, चार्जिंगची सोय, स्वच्छ स्वच्छतागृह आणि ही निर्धास्तता मिळून तिला तासाला ८४ रुपये पडले. पार्सल नेणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही आणि पैसे मात्र तेवढेच द्यावे लागतात, म्हणून तिथून कॉफी बांधून नेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

जाणार असाल तर लहान मापाची कॅपुचिनो घ्या, सिरप नको म्हणा आणि चिनी मातीचा कप आवर्जून मागा. न मागता तिथे बसणाऱ्यांनाही कागदी पेलाच देतात, आणि त्यावरच्या झाकणामुळे कॉफीचा वास नाकापर्यंत पोहोचतच नाही.