दहा महिने, एक वही आणि पुन्हा बघितलेल्या सिरीज

गेल्या दहा महिन्यांत मी नवं फारसं काही बघितलं नाही. २०२१ पासून आलेल्या ज्या सायन्स फिक्शन आणि फँटसी सिरीज मी आधी अधाशासारख्या संपवल्या होत्या, त्याच पुन्हा काढल्या. रात्री एकच एपिसोड. फोन दुसऱ्या खोलीत. बघून झालं की वहीत दोन-चार ओळी. मग तीन-चार महिने गेले की वही न उघडता जे आठवतंय ते वेगळ्या पानावर लिहायचं आणि दोन्ही पानं शेजारी ठेवायची. खाली जे लिहितेय ते या दोन पानांमधल्या फरकाबद्दल आहे. कथेतले महत्त्वाचे प्रसंग येणार आहेत, त्यामुळे ज्यांनी बघितलेलं नाही त्यांनी जपून वाचा.

पहिल्याच तुलनेत एक गोष्ट लख्ख दिसली. त्या त्या रात्री मी पानंच्या पानं रहस्यांवर खर्ची घातली होती. कोण कोणाचा माणूस, कशाचा अर्थ काय, पुढे काय निघणार. चार महिन्यांनी त्यातलं जवळजवळ काहीच डोक्यात नव्हतं. राहिलं होतं ते भलतंच. 'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'अँडोर'बद्दल मला पहिल्यांदा काय आठवलं, तर कैद्यांचे अनवाणी पाय.

पहिल्या सीझनमधला (२०२२) नार्किना ५ चा तुरुंग. तिथे बेड्या नाहीत, साखळ्या नाहीत. जमीनच विजेची आहे. पहारेकऱ्यांच्या पायात वीज न लागणारे बूट आणि कैदी अनवाणी. बस्स, एवढाच नियम, पण त्यातून त्या जगातलं सगळं उलगडत जातं. रात्री कोठडीला दार लागत नाही, बाहेरची जमीन तेवढी चालू होते. एका रात्री एक कैदी आपणहून त्या जमिनीवर पाऊल ठेवतो. दिवसभर टेबलाटेबलांत यंत्रांचे सुटे भाग जोडण्याची शर्यत लावलेली असते. जिंकणाऱ्या टेबलाला चव असलेलं जेवण, हरणाऱ्याला शॉक. पहिल्या वेळी मला हे एपिसोड लांबलेले वाटले होते. पळून कधी जाणार, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्यांदा बघताना मी टेबलाभोवतीचे हात बघत बसले. ते सुटे भाग उचलतात कसे, नवा माणूस मागे पडला की बाकीचे त्याचं काम कसं ओढून नेतात.

आणि किनो लॉय. अँडी सर्किसने केलेला हा मुकादम, स्वतःही कैदीच. शिक्षेचे उरलेले दिवस मोजणारा. नायक कॅसियन त्याला पुन्हा पुन्हा विचारतो, प्रत्येक मजल्यावर पहारेकरी किती? किनो त्याला झटकून टाकतो, कारण उत्तर देणं म्हणजे आपण सुटणार नाही हे कबूल करणं. मग कळतं की शिक्षा संपलेल्यांना सोडत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर नेऊन टाकतात, आणि ही बातमी ज्या मजल्यावर फुटली तो अख्खा मजला मारून टाकलाय. कॅसियन पुन्हा विचारतो. किनो चालत राहतो आणि म्हणतो, बारापेक्षा जास्त कधीच नाही. एपिसोड संपतो. हे वाक्य मला पाठ होतं, तरी दुसऱ्या वेळी अंगावर काटा आला. पाच एपिसोड मागे कोणी सांगितलं असतं की एका आकड्याने डोळ्यांत पाणी येईल, तर पटलं नसतं.

दुसरा सीझन (२०२५) चार आठवड्यांत तीन-तीन एपिसोड असा आला होता आणि दर तिनाला कथा एक वर्ष पुढे सरकते. टोनी गिलरॉयचा मूळ बेत पाच सीझनचा होता, पुढे तो दोनांवर आणला. पहिल्यांदा बघताना या उड्या मला खटकल्या. माणसं मध्येच मोठी झालेली, नाती बदललेली. आता एकेक रात्र सोडून बघितल्यावर उलट वाटतंय. मधलं वर्ष दाखवत नाहीत, पण ते लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं. बंडाला छुपी मदत करणारी सिनेटर मॉन मॉथ्मा मुलीच्या लग्नात नाचते तो प्रसंग घ्या. तिला नुकतं उमगलंय की आपला जुना मित्र जिवंत राहणार नाही आणि त्याला आपलीही मूक संमती आहे. ती पीत जाते, नाचत जाते. जेनेव्हिव्ह ओ'रायलीने यात एक शब्दही न बोलता जे केलंय, ते मी तीनदा मागे नेऊन बघितलं. घोरमन ग्रहावरच्या चौकातला संहार तर आहेच, पण वहीच्या दुसऱ्या पानावर लग्नातला नाच आधी आला.

'सेव्हरन्स'ची गोष्ट जरा वेगळी. त्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून ऑफिसमधल्या आणि बाहेरच्या आठवणी वेगळ्या केलेल्या असतात, म्हणजे एकाच शरीरात आतला आणि बाहेरचा अशी दोन माणसं. पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ चा, दुसरा जानेवारी २०२५ चा. मध्ये २०२३ चा हॉलिवूडच्या लेखकांचा आणि कलाकारांचा संप. जवळपास तीन वर्षं आम्ही सगळे फॅन बकऱ्या कशाला, आकडे कशाचे, यावर काथ्याकूट करत होतो. मीही त्यात आघाडीवर. आकड्यांचं उत्तर मिळालं, ते चांगलंही होतं, पण आता ते नीट सांगायला गेले तर मला आठवायला वेळ लागतो. लिफ्ट मात्र पक्की आठवते. आतल्या माणसासाठी लिफ्टचं दार बंद होतं आणि लगेच उघडतं. घरी जाणं नाही, झोप नाही, रविवार नाही. हेली नावाची कर्मचारी राजीनामा द्यायला बघते आणि बाहेरची हेली व्हिडिओतून तिला नकार कळवते. स्वतःच स्वतःची मालकीण आणि स्वतःच बांधलेली. नोकरी करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये सिरीजचा नायक, आतला मार्क आणि बाहेरचा मार्क, कॅमेऱ्यावर निरोप रेकॉर्ड करून एकमेकांशी बोलतात. बाहेरचा सुरुवातीला फार समजूतदार, फार गोड. मग तो हेलीचं नाव चुकवतो. 'हेलनी' म्हणतो. आतल्याचा चेहरा तिथे पडतो. ज्या माणसाला माझ्या प्रेमाचं नावसुद्धा धड माहीत नाही, तो मला म्हणतोय तू माझ्यासाठी संपून जा. अॅडम स्कॉटने दोन्ही बाजू केल्यात आणि कुठल्या क्षणी कोण आहे हे आवाजावरून कळतं. माझ्या मते अख्ख्या सिरीजचा गाभा या एका चुकलेल्या नावात आहे. मार्कची बॉस हार्मनी कोबेल हिच्या गावाचा आठवा एपिसोड मात्र दुसऱ्यांदाही मला जड गेला. तो कशासाठी आहे ते कळतं, पण तिथलं कुठलंच काम, कुठलीच सवय मनात राहत नाही.

ज्यांना वाटतं की फँटसी म्हणजे लढाया, त्यांनी 'फ्रीरेन' बघाच. जपानी अॅनिमे, पहिला सीझन २८ एपिसोडांचा, सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४. राक्षसराजाचा पराभव कथा सुरू होण्याआधीच झालेला आहे. हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ जादूगार फ्रीरेन आणि तिचे तीन सोबती दहा वर्षांच्या मोहिमेवरून परत येतात, उल्कावर्षाव बघतात, पन्नास वर्षांनी पुन्हा भेटू म्हणतात. तिला पन्नास वर्षं म्हणजे काहीच नाही. ती येते तेव्हा सोबत्यांपैकी हिमेल म्हातारा झालेला, आणि उल्का पुन्हा बघून झाल्यावर थोड्याच काळात तो जातो. अंत्यविधीला ती रडते आणि म्हणते, माणसाचं आयुष्य छोटं असतं हे मला माहीत होतं, मग मी त्याला अजून जाणून का घेतलं नाही? जादूचं जग आहे, पण नियम एकच, तिचं आयुष्य लांब आणि बाकीच्यांचं छोटं. आणि तो नियम प्रत्येक एपिसोडमध्ये कुणाच्या तरी वाट्याला येतो.

पहिल्या वेळी एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. हिमेलने तिला कधीतरी अंगठी दिली होती, गुडघ्यावर बसून बोटात घातली होती. अंगठीवरच्या फुलाच्या नक्षीचा अर्थ कायमचं प्रेम. तिला तेव्हा काही कळलेलं नाही. आपल्यालाही तो प्रसंग क्षणभरच दिसतो. ते माहीत असताना आधीचे एपिसोड पुन्हा बघणं म्हणजे वेगळीच सिरीज बघणं. जादूगारांच्या परीक्षेचा शेवटचा मोठा भाग अनेकांना आवडतो, मला तो थोडा स्पर्धेकडे झुकलेला वाटतो. पण त्याच्या शेवटी फ्रीरेनची शिष्या फर्न हिला बक्षीस म्हणून जगातला कुठलाही मंत्र मागता येतो, आणि ती कपड्यांचे डाग घालवणारा मंत्र मागते. गुरूच्या निरुपयोगी वाटणाऱ्या मंत्रांच्या हौसेत वाढलेली मुलगी दुसरं काय मागणार? मी वहीत त्या रात्री फक्त 'कपडे!' एवढंच लिहिलंय.

'हाउस ऑफ द ड्रॅगन'चा दुसरा सीझन (२०२४) आठ एपिसोड युद्धाची तयारी करतो आणि युद्धाच्या तोंडावर थांबतो. ड्रॅगन देखणे, राजकारण चोख, पण राजपुत्र डेमनची हॅरनहॉल किल्ल्यातली स्वप्नं दुसऱ्यांदा बघताना मला पुढे पळवावी लागली. 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'मधून (२०२४) मात्र एक गोष्ट गेली नाही. परग्रहावरून 'उत्तर देऊ नका' असा इशारा येतो आणि ये वेनजिए ही शास्त्रज्ञ उत्तराचं बटण दाबते. पलीकडचे यायला चारशे वर्षं लागणार. तिने ज्या माणसांचा राग धरला, त्यातला कुणीही तेव्हा नसणार. पनामा कालव्यातलं ते भयंकर जहाज बघून मी थक्क झाले होते, लक्षात राहिलं ते बटण.

मध्ये एक चित्रपटही बघितला. 'ड्यून'चा दुसरा भाग (२०२४) घरच्या पडद्यावर निम्मा होतो, हे प्रामाणिकपणे सांगते. वाळूतल्या किड्यावर स्वार होण्याचा प्रसंग आवाजावर उभा आहे, आणि तो आवाज छातीत जाणवायला हवा. दोन गोष्टी मात्र छोट्या पडद्यावरही तशाच टिकल्या. काळ्या सूर्याखालचा गिडी प्राइम हा ग्रह, जो इन्फ्रारेडमध्ये चित्रित केल्यामुळे माणसांची कातडी मेणासारखी दिसते. आणि सगळे नायक पॉलपुढे गुडघे टेकत असताना उभी राहिलेली त्याची प्रेयसी चानी.

आता तक्रार. 'द व्हील ऑफ टाइम' तीन सीझन, चोवीस एपिसोड चालली आणि मे २०२५ मध्ये बंद झाली. मूळ कादंबऱ्या चौदा. लेखक २००७ मध्ये वारले, शेवटचे तीन खंड दुसऱ्या लेखकाने पुरे केले, म्हणजे वाचकांनी तो शेवट कसा वाट बघून मिळवलाय ते विचारा. आणि सिरीज बंद झाली ती नेमकी सूर सापडल्यावर. तिसऱ्या सीझनचा चौथा एपिसोड बघा. नायक रँड काचेच्या खांबांमधून चालतो आणि एकेका पावलागणिक पिढ्या मागे जातो, त्याच्या पूर्वजांच्या भूमिकाही तोच अभिनेता करतो. भाल्यांनी लढणारे त्याचे लोक एकेकाळी शस्त्राला हात न लावण्याची शपथ घेतलेले होते, हे आपल्याला कुणी सांगत नाही, आपण उलट चालत जाऊन बघतो. गेल्या पाच वर्षांत टीव्हीवर मी याहून चांगली फँटसी फार थोडी बघितली. पहिले दोन सीझन डळमळीत होते, मान्य. पण रुजायला वेळ लागणाऱ्या गोष्टीला वेळच द्यायचा नाही, हे मला आजही पचत नाही. दुसरी एक सिरीज तर मी निम्मी बघितली असताना प्लॅटफॉर्मवरून गायब झाली, आधी साधी सूचनाही नाही.

काही वापरातल्या गोष्टी. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर कितीही चांगलं चित्रण नाटकाच्या रेकॉर्डिंगसारखं दिसतं. अंधारे प्रसंग दिवसा बघू नका. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचे सबटायटल्स उत्तम असतात, पण कधी कधी पात्राचं नाव उघड होण्याआधीच लिहून टाकतात. आणि एका रात्री एकच एपिसोड. सगळ्यात जास्त फरक याने पडला.

सध्या 'सायलो' सुरू आहे. जमिनीखालचं शहर, १४४ मजले, लिफ्ट नाही, निरोप जायचा तरी कुणीतरी जिने चढायचे. पुढे बाहेरच्या जगाचं काय निघतं ते मला माहीत आहे. काल तिसरा एपिसोड बघितला. सगळ्यांना वीज देणारा जनरेटर बंद केलाय, वाफ कोंडलीय, ठराविक मिनिटांत वाकलेलं पातं सरळ करून परत बसवायचंय, आणि इंजिनिअर ज्युलिएट खाली उतरून तापलेल्या झडपेवर पाणी मारतेय. जनरेटर सुरू होतो हे ठाऊक असूनही मी खुर्चीच्या कडेवर बसले होते.