संमतिपत्र की निर्णयातला वाटा?

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी लोकांनी १९९० पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिले, ते मधुमेहाचे कारण कळावे म्हणून. संमतिपत्रातील भाषा मात्र इतकी सैल होती की त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. सहीनंतर लोकांच्या हाती काही उरलेच नव्हते. न्यायालयीन लढ्यानंतर २०१० मध्ये ४१ जणांना ७ लाख डॉलर मिळाले आणि शीतपेटीतले रक्त परत आले.

कॅनडातील मॉन्ट्रियलजवळच्या काह्नवाके या मोहॉक आदिवासींच्या वस्तीत १९९४ मध्ये सुरू झालेला मधुमेह प्रतिबंध प्रकल्प याहून वेगळा आहे. तेथे समाजाचे सल्लागार मंडळ संशोधनाच्या प्रश्नापासून प्रकाशनापर्यंत सोबत असते, आणि संशोधनाची लेखी आचारसंहिता समाज व संशोधक यांनी मिळून तयार केली. तिच्यातील एक कलम मला फार मोलाचे वाटते: निष्कर्षांच्या अर्थाबाबत एकमत झाले नाही, तर कोणीही प्रकाशन रोखू शकत नाही, परंतु असहमत पक्षाला आपले म्हणणे त्यासोबतच मांडता येते. या पद्धतीत बैठका वाढतात, वेळ जातो. तरीही मी हीच निवडेन, कारण संमतिपत्र एकदाच विचारते, मंडळ मात्र प्रत्येक नव्या वापराच्या वेळी पुन्हा विचारायला लावते.