कानाचं मशीन, दहा महिन्यांनंतर: सगळं अडलं होतं मोहरीएवढ्या जाळीपाशी

ऐन गणपतीत, आरती चालू असताना, उजव्या कानाचं मशीन बंद पडलं. सेल बदलला, फरक नाही. जिथून घेतलं त्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, रिसीव्हर, म्हणजे आतला बारीक स्पीकर, गेलाय. कंपनीत पाठवावं लागेल. तीन आठवडे, साडेसहा हजार." आणि मळामुळे बिघडलं तर वॉरंटी चालत नाही म्हणे. दोन्ही कानांच्या मशीनना मिळून 78 हजार मोजलेत मी, पेन्शनमधून. मशीन पर्समध्ये टाकलं आणि तडक मैत्रिणीच्या ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे गेले.

त्या मॅडमनी डोम, म्हणजे टोकाची मऊ टोपी, काढला आणि भिंगातून टोक बघितलं. एका बारीक काडीच्या टोकाने आतली पांढरी जाळी ओढून काढली, काडी उलटी केली, दुसऱ्या टोकावरची नवी जाळी आत दाबली. मशीन चालू! मळ आत जाऊ न देणाऱ्या या जाळीला वॅक्स गार्ड म्हणतात. आठांचं पाकीट अडीचशे रुपयांना. अशी जाळी असते आणि ती आपणच बदलायची असते, हे दहा महिन्यांत मला कोणीही सांगितलं नाही. याचा राग अजून जात नाही.

तोवर मी सगळ्यांना सांगत होते, हे मॉडेल घेऊ नका. भांड्यांचा नुसता खणखणाट, पण नातू 'साप' म्हणतोय की 'ताप' ते कळत नव्हतं. आता मत बदललंय. माझा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, 1000 हर्ट्झपर्यंत बरा आहे, 4000 ला एकदम 60 डेसिबलवर घसरतो. स, त, श यांची धार त्या वरच्या पट्टीतच असते. दुकानात कॉम्प्युटरने अंदाजाने जे सेटिंग दिलं तेच ठेवलं होतं. मॅडमनी मशीनशेजारून केसासारखी नळी कानात सरकवली, स्पीकरवर बोलणं लावलं आणि कानाच्या पडद्याजवळ खरंच किती आवाज पोचतोय ते मोजून स्क्रीनवर बघितलं. वरच्या पट्टीत माझी रेघ हवी त्याच्या बरीच खाली होती. ती वर आणली, तेव्हा 'साप' साप झाला. मशीन तेच.

म्हणून आधी माणूस शोधा, मग मॉडेल. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते विचारा. 'रिअल इअर' मोजणी, म्हणजे ती कानात नळी घालून केलेली, करता का, हेही विचारा. उत्तरात टाळाटाळ झाली तर उठा. मुंबईत वांद्र्याला 'अली यावर जंग' ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची सरकारी संस्था आहे, तिथे तपासणी होते. मी आधी तिथेच जायला हवं होतं.

बाकी, 312 नंबरचा सेल मला सहा दिवस पुरतो. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्या, मगच बसवा. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ब्लूटूथ मी वापरत नाही.

वॅक्स गार्डचं पाकीट देवघराच्या खणात ठेवलंय. दर संकष्टीला बदलते, म्हणजे विसरायला होत नाही.