बॅरन बेटाची उष्णता फर्म्सवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

अंदमानातल्या बॅरन या ज्वालामुखी बेटावर वस्ती नाही, शेती नाही. त्यामुळे नासाच्या फर्म्सवर (उपग्रहांना दिसलेली आग आणि उष्णता नकाशावर दाखवणारी सेवा) तिथे उमटलेला ठिपका शेतातल्या जाळाचा की लाव्हाचा, हा प्रश्न पडत नाही. शिकायला याहून चांगला ज्वालामुखी नाही. डेटा मोफत असतो आणि साधारण 3 तासांत येतो.

डेटा मागताना बेटाभोवतीची अक्षांश-रेखांशांची चौकट घट्ट आखावी: पश्चिम 93.80, दक्षिण 12.23, पूर्व 93.92, उत्तर 12.33. बेट जेमतेम 3 किमी रुंद आणि मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाचा पिक्सेल 1 किमीचा, म्हणून व्हीर्स या दुसऱ्या संवेदकाचा 375 मीटरचा डेटा घ्यावा. उपग्रह एका फेरीत जमिनीचा जो पट्टा टिपतो त्याच्या कडेला हा पिक्सेलही दुपटीच्या आसपास जातो आणि ठिपका शंकूवरून सरकतो, कधी पार समुद्रात. सीएसव्हीतले (उतरवलेल्या तक्त्यातले) स्कॅन आणि ट्रॅक हे पिक्सेलचा आकार सांगणारे रकाने आधी पाहावेत.

वेळ यूटीसीत असते. 19:15 ची नोंद म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे 00:45, तेव्हा तारीखही बदलावी लागते.

भरवसा ठेवावा तो रात्रीच्या नोंदींवर. व्हीर्सचा आय-4 हा तरंगलांबीचा पट्टा 3.74 मायक्रॉनच्या आसपासचा, त्यात दिवसा सूर्याचं परावर्तन मिसळतं. हा पट्टा 367 केल्विनला संपृक्त होतो, म्हणजे त्यापुढचं तापमान दाखवत नाही. तो आकडा दिसला म्हणून लाव्हा 94 अंश सेल्सिअसचा ठरत नाही. एफआरपीचं (आगीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेच्या मेगावॉटमधल्या शक्तीचं) गणित मुळात वणव्यांसाठी बसवलेलं आहे. उघड्या, ताज्या लाव्हाला ते चालतं. वर साय धरलेल्या, 600 केल्विनखालच्या प्रवाहाची उष्णता फार कमी दाखवतं. मेगावॉट फक्त एका रात्रीची दुसऱ्या रात्रीशी तुलना करायला वापरावेत.

नेमकी जागा हवी असेल तर सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांना पर्याय नाही. त्यांच्या प्रतिमा दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर बी12, बी11, बी8ए हे अवरक्त पट्टे लाल, हिरवा, निळा या क्रमाने लावावेत. 20 मीटरच्या पिक्सेलमध्ये फक्त बी12 उजळला तर लाल, बी11 ही उजळला तर पिवळं, त्याहून तापलेलं पांढरट. उष्णता विवराच्या तोंडापुरती आहे की प्रवाह भोवतीच्या कड्यातल्या पश्चिमेच्या फटीतून समुद्राकडे उतरतोय, हे इथेच कळतं.

ठिपका नाही म्हणजे ज्वालामुखी शांत, असं मात्र समजू नये. पावसाळ्यात ढग आठवडेच्या आठवडे बेट झाकतात. वर्ल्डव्ह्यू या नासाच्या प्रतिमा-संकेतस्थळावर व्हीर्सच्या आय-5 या उष्णता टिपणाऱ्या पट्ट्याची रात्रीची प्रतिमा उघडून ढग तपासावेत आणि त्या रात्रीपुढे शून्याऐवजी ‘ढग’ लिहावं. शून्य लिहिलं की सरासरी उगाच खाली येते आणि जून-जुलैत ज्वालामुखी थंडावल्यासारखा दिसतो.