पुस्तकातला डेटा फार गुणी असतो : ॲक्सेसच्या जाडजूड गाइडसोबत आठ महिने

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस बनवायच्या सॉफ्टवेअरवरच्या या पुस्तकाची बांधणी आता दोन जागी सुटली आहे. एक टेबलं कशी आखावीत त्या प्रकरणात, दुसरी फॉर्मच्या (माहिती भरायच्या पडद्याच्या) इव्हेंट्सच्या, म्हणजे त्यावर घडणाऱ्या घटनांच्या प्रकरणात. उरलेली निम्मी पानं मात्र घेतली त्या दिवशी होती तशीच कोरी करकरीत आहेत. परीक्षणाचं सार कुणाला एका वाक्यात हवं असेल तर ते एवढंच. बाकीचं ज्यांना खरंच डेटाबेस बनवायचाय त्यांच्यासाठी लिहिते.

मी एका छोट्या वाचनालयाचं काम हौसेनं बघते. सभासद, पुस्तकं आणि देवघेव सगळं एकाच एक्सेल फाइलीत होतं. एका ओळीत सभासदाचं नाव, फोन, मग ‘पुस्तक १’, ‘पुस्तक २’, ‘पुस्तक ३’ असे रकाने. कुणी चौथं पुस्तक नेलं की ते शेऱ्यात लिहायचं. याचं रीतसर सॉफ्टवेअर करावं म्हणून हे आठशे पानी धूड आणलं. तेव्हा मला डेटाबेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पुस्तकाचं नाव मुद्दाम घेत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर अशी जाड गाइडं बरीच निघाली, त्यातलंच हे एक, २००३ आवृत्तीच्या काळातलं.

जुनं असल्याचा त्रास आधी सांगून टाकते. ॲक्सेस १९९२ मध्ये आलं आणि त्याचं पोट अजून बरंचसं तेच आहे, पण २००७ मध्ये चेहरा पार बदलला. पुस्तक म्हणतं ‘टूल्स मेनूत जा’, आणि माझ्यासमोर मेनूच नाही, नुसती रिबन, म्हणजे बटणांची पट्टी. त्याची आठवड्याभरात सवय होते. खरा मनस्ताप मेलेल्या प्रकरणांचा. वापरकर्त्यांना वेगवेगळे पासवर्ड आणि अधिकार कसे द्यायचे यावर पुस्तकात तब्बल साठ पानं आहेत. ती मी पेन्सिलीनं खुणा करत वाचली, आणि मग कळलं की २००७ पासूनच्या ‘एसीसीडीबी’ फाइलीत ती सोयच काढून टाकली आहे. जुन्या ‘एमडीबी’ फाइलीपुरतीच ती उरली आहे. रेप्लिकेशनची, म्हणजे डेटाबेसच्या वेगवेगळ्या प्रती आपसात जुळवण्याची, तीच गत; डेटा ॲक्सेस पेजेसची, म्हणजे ब्राउझरमधून डेटा बघायच्या पानांची, तीच. म्हणजे सुमारे दीडशे पानं रद्दी. जुनी आवृत्ती घेणार असाल तर हे आधीच माहीत असू द्या.

आता चांगलं. टेबलांच्या आखणीचं तिसरं प्रकरण सोनं आहे, आणि मी ते पहिल्यांदा चक्क ओलांडून गेले. चित्रं नाहीत, पायरीपायरीनं काम करून देणारा विझार्ड नाही, नुसता मजकूर. मला फॉर्म बनवायची घाई होती. आधी कळस मग पाया. त्या एक्सेलचंच एक लांबलचक टेबल करून त्यावर तीन आठवड्यांत छान रंगीत फॉर्म उभा केला. ग्रंथपाल काकांना कौतुकानं दाखवला. ते म्हणाले, ‘छान आहे हो. आता हे पुस्तक सध्या कुणाकडे आहे ते सांगा बघू.’ ते मला तीन रकान्यांत तीन वेळा शोधावं लागलं. काका म्हणाले, ‘मग रजिस्टरच बरं की.’

त्या रात्री तिसरं प्रकरण पहिल्यापासून वाचलं. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत), एकाच प्रकारचे रकाने पुन्हा पुन्हा का मांडू नयेत, प्रत्येक टेबलाला प्रायमरी की, म्हणजे दोन ओळींत कधीच सारखी नसलेली ओळखखूण का हवी, हे सगळं पुस्तकात ऑर्डर आणि ग्राहकांच्या उदाहरणानं सांगितलंय. त्यावरून मी सभासद, पुस्तके आणि देवघेव अशी तीन टेबलं केली. देवघेवीच्या एका ओळीत एक पुस्तक एकदा नेल्याची नोंद. कुणी चार न्या, चाळीस न्या, रकाना वाढत नाही, ओळी वाढतात. मला हे उमगायला तीन वाचनं लागली. पण एकदा उमगल्यावर ‘सध्या कुणाकडे आहे’ ही क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, दोन मिनिटांत झाली.

तरीही एक चूक राहिलीच. एका कादंबरीच्या आमच्याकडे तीन प्रती आहेत. पुस्तके टेबलात ती एकदा लिहायची की तीनदा? एकदा लिहिली तर कुठली प्रत बाहेर आहे ते कळत नाही, तीनदा लिहिली तर लेखकाचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. गाइडमध्ये याचं उत्तर नाही, कारण त्यातल्या नमुना दुकानात सगळे डबे सारखे, कुठला विकला याला महत्त्व नाही. शेवटी ‘प्रती’ असं चौथं टेबल केलं. त्यात प्रत्येक प्रतीचा वेगळा दाखल क्रमांक, आणि देवघेव या प्रतीशी जोडलेली. हे बदलताना फॉर्म पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

पुस्तकाबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती आवृत्तीची नाही. त्यातला नमुना डेटा फार गुणी आहे. त्यात एकही रकाना रिकामा नाही, एकही क्रमांक दोनदा आलेला नाही, कुणाच्याही नावात भलतं चिन्ह नाही. त्यामुळे पुस्तकातला प्रत्येक कोड पुस्तकात चालतो. आपला डेटा मात्र माणसांनी वर्षानुवर्षं हातानं भरलेला असतो.

पहिला दणका रिकाम्या रकान्यांचा. ‘बाल सोडून बाकी सगळे सभासद’ अशी क्वेरी लिहिली, विभाग ‘बाल’च्या बरोबर नाही अशी अट घालून. यादीतून आमचे सर्वात जुने चाळीसेक सभासद गायब. विभागाचा रकाना नंतर आला होता आणि यांचा तो कोराच राहिला होता. कोरा रकाना म्हणजे नल, आणि नलची कशाशीही तुलना केली की उत्तर हो नाही आणि नाहीही नाही, ते पुन्हा नलच येतं. म्हणून ती ओळ कुठल्याच बाजूला पडत नाही. नल बरोबर नल असं विचारलं तरीही नाही. ‘इज नल’ असंच लिहावं लागतं, किंवा ‘एनझेड’ फंक्शननं रिकाम्याच्या जागी काहीतरी धरावं लागतं. या विषयाला पुस्तकानं अर्धं पान दिलंय. एरर ९४, म्हणजे ‘इनव्हॅलिड यूज ऑफ नल’, मी इतक्या वेळा पाहिली की ती स्वप्नातही यायची.

दुसरा तारखांचा, आणि हा मला अजून आवडतो. मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी काढायला मी पुस्तकात होतं तसंच केलं. कोडमध्ये एसक्यूएलचं (क्वेरी लिहायच्या भाषेचं) वाक्य जुळवायचं, दोन हॅश चिन्हांच्या मध्ये आजची तारीख चिकटवायची. यादी कधी बरोबर यायची, कधी भलतीच. दोन महिन्यांनी लक्षात आलं की महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत ती वेडीवाकडी असते आणि तेराव्या दिवशी आपोआप शहाणी होते. हॅशमधली तारीख ॲक्सेस अमेरिकन पद्धतीनं वाचतं, आधी महिना, मग दिवस. माझ्या कॉम्प्युटरवर आधी दिवस. ५ मार्चला ०५/०३ चिकटलं की ते ३ मे समजायचं, आणि अजून दोन महिने मुदत असलेली पुस्तकंही थकबाकीत यायची. १३ तारखेपासून तेरावा महिनाच नसल्यामुळे ते मुकाट्यानं योग्य अर्थ लावायचं. लेखकाच्या कॉम्प्युटरवर महिना आधी, त्यामुळे त्याला हे कधी दिसलंच नसणार. उपाय सोपा आहे. तारीख बाहेरून चिकटवायचीच नाही, ‘डेट’ फंक्शन एसक्यूएलच्या वाक्यातच ठेवायचं. एखादी ठरावीक तारीख हवी असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा फॉरमॅट करून घ्यायची.

नावात ॲपॉस्ट्रॉफी असलेलं इंग्रजी पुस्तक शोधलं की एसक्यूएल फुटतं. तिथे पॅरामीटर क्वेरी वापरा, म्हणजे नाव वाक्यात न चिकटवता वेगळं द्या. पुस्तकात ती आहे, पण दोनशे पानं उशिरा.

तिसरा दणका माझ्या निष्काळजीपणाचा, पण पुस्तकानं लावलेल्या सवयीमुळे. ॲक्शन क्वेरी, म्हणजे डेटा बदलणारी क्वेरी, चालवताना ‘इतक्या ओळी जोडल्या जातील, चालेल का’ असा प्रश्न येतो. तो नको म्हणून पुस्तक सगळीकडे ‘सेट वॉर्निंग्ज फॉल्स’ लिहायला लावतं. मी जुने ६१२ सभासद नव्या टेबलात ओढले, काही आवाज नाही, खूश झाले. महिन्याभरानं एक बाई म्हणाल्या, माझं नावच नाही यात. मोजले तर ५८९. जुन्या फाइलीत तेवीस क्रमांक दोनदा दिलेले होते. प्रायमरी कीनं दुसऱ्या ओळी नाकारल्या, आणि ते सांगणारी सूचना मीच बंद केलेली. शिवाय कोड मध्येच एररनं थांबला तर सूचना बंदच राहतात आणि पुढे हातानं काही डिलीट केलं तरी कुणी विचारत नाही. आता मी ‘करंटडीबी’चं ‘एक्झिक्यूट’ वापरते, सोबत ‘डीबी फेल ऑन एरर’. चुकलं तर बोंब मारतं, आणि मला तेच हवंय.

तशीच एक गंमत इंटीजरची. पुस्तकातल्या उदाहरणांत क्रमांकांसाठी सरसकट इंटीजर हा पूर्णांकांचा छोटा प्रकार आहे. व्हीबीएमध्ये, म्हणजे ॲक्सेसमध्ये कोड लिहायच्या भाषेत, त्याची मर्यादा ३२,७६७. आमचे दाखल क्रमांक त्यापुढे गेलेत, कारण जुन्या शिक्क्यांची मालिका तशीच चालू ठेवलीय. ओव्हरफ्लो! लाँग हा मोठा प्रकार घ्या, विषय संपला.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं, कारण हे अशा पुस्तकात कधीच सापडणार नाही. टेबलांत, फॉर्मवर, रिपोर्टमध्ये देवनागरी व्यवस्थित चालते. ॲक्सेस २००० पासून आतला मजकूर युनिकोडच, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीतच आहे. पण व्हीबीएच्या एडिटरमध्ये मराठी टाइप केलं की प्रश्नचिन्हांची रांग. मेसेज बॉक्समध्येही तेच. ‘सीएचआरडब्ल्यू’ फंक्शनला २३५० दिलं की ‘म’ मिळतो, पण असं एकेक अक्षर करत कोण बसणार? मी सगळ्या सूचना एका टेबलात ठेवल्या आणि त्या दाखवायला लेबल असलेला एक छोटा फॉर्म केला. कोडमध्ये फक्त सूचनेचा क्रमांक. फील्डची नावंही रोमन लिपीतच ठेवा आणि ‘कॅप्शन’ प्रॉपर्टीत मराठी लिहा. मी हौसेनं फील्डला ‘सभासदाचे_नाव’ म्हटलं होतं, कोड लिहायची वेळ आली आणि सगळी नावं बदलत बसले.

इव्हेंट्सचं प्रकरण मात्र जीव ओतून लिहिलंय. फॉर्म उघडताना काय आधी होतं, काय नंतर, रेकॉर्ड सेव्ह व्हायच्या क्षणी काय होतं, हे त्यात एका लांब तक्त्यात आहे. ‘बिफोर अपडेट’मध्ये ‘कॅन्सल’ ट्रू केलं की चुकीची नोंद टेबलापर्यंत पोचतच नाही. आधीच बाहेर असलेली प्रत दुसऱ्याला देता येऊ नये, हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम त्या सात-आठ ओळींत बसला. त्यासाठी पुस्तकाला मी बाकी बरंच काही माफ करते. रेकॉर्डसेटचं, म्हणजे कोडमध्ये हाती आलेल्या ओळींच्या संचाचं प्रकरणही चांगलं आहे. मोजणीसाठी आधी शेवटच्या रेकॉर्डवर जावं लागतं, नाहीतर ‘रेकॉर्ड काउंट’ अपुरा येतो, हे त्यात स्पष्ट सांगितलंय. मात्र रेकॉर्डसेट रिकामा असेल तर तीच ओळ एरर ३०२१ देते, हे नाही सांगितलं. पुन्हा तेच, गुणी डेटा.

डीबगिंग, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणं, शेवटून दुसऱ्या प्रकरणात, बारा पानांत उरकलंय. ते दुसऱ्या आठवड्यातच वाचा. एफ-९ नं कोड थांबवणं, एफ-८ नं एकेक ओळ पुढे जाणं आणि इमिजिएट विंडोत किंमत विचारणं एवढं आधी आलं असतं तर माझे निदान दोन महिने वाचले असते. आणि कोडच्या प्रत्येक मोड्यूलच्या माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहा, म्हणजे आधी जाहीर न केलेलं व्हेरिएबलचं नाव लगेच पकडलं जातं. स्पेलिंग चुकलेल्या एका व्हेरिएबलसाठी मी अख्खा रविवार घालवलाय.

दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी काम करायचं असेल तर फाइल दोन भागांत फोडावी लागते. टेबलांची बॅक-एंड फाइल एका सामाईक जागी, आणि फॉर्म-कोडची फ्रंट-एंड फाइल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगळी. पुस्तकात यावर दीड पान. आम्ही आधी एकच फाइल दोघांनी वायफायवरून उघडायचो, आणि एके दिवशी ती उघडेना. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’नं वाचली, पण पोटात गोळा आला होता. आता फोडलेली आहे, केबलनं जोडलेली आहे, आणि रोज रात्री बॅकअप होतो. फाइलीची कमाल मर्यादा दोन जीबी आहे, तिथवर आम्ही या जन्मात पोचणार नाही, मुखपृष्ठांचे फोटो आत कोंबले नाहीत तर.

आजच्या काळात ॲक्सेस शिकावंच का, असं मला दोघा-तिघांनी विचारलं. फक्त विंडोजवर चालतं, फोनवर नाही, ही तक्रार खरी आहे. मायक्रोसॉफ्टच्याच फॉक्सप्रो या डेटाबेससारखं हेही उद्या बंद पडेल ही भीतीही अगदीच खोटी नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्ये संपला. पण मी शिकले ते बहुतेक टेबलं आणि एसक्यूएल. मध्यंतरी एका मुलानं तीच चार टेबलं एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये दोन तासांत उभी करून दाखवली. टेबलं जशीच्या तशी, क्वेऱ्यांमध्ये किरकोळ फरक. फॉर्म मात्र त्याला पायथॉनमध्ये हातानं लिहावे लागणार होते, आणि तिथेच त्याचं गाडं अडलं.

तर पाचपैकी साडेतीन. २०१० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरचं पुस्तक मिळालं तर तेच घ्या. हेच मिळालं तर आधी तिसरं प्रकरण, मग क्वेऱ्या, मग डीबगिंग, मग इव्हेंट्स या क्रमानं वाचा, आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचा घाणेरडा डेटा त्यात ओता. मॅक्रोची, म्हणजे कोड न लिहिता आज्ञा जुळवण्याची, नव्वद पानं मी चाळून सोडून दिली, कोड लिहायला लागल्यावर त्यांची गरज पडली नाही. शेवटची शंभर पानं एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसशी जोडणीची आहेत. ती अजून उघडलेली नाहीत, आणि आमच्या साडेसहाशे सभासदांना ती लागतील असं वाटत नाही.