वजनकाट्यासोबत नऊ महिने, त्यातले चौदा आठवडे ७७.९ वर

पाडव्याला लोक सोनं घेतात, मी वजनकाटा घेतला. मोबाइलला जोडला जाणारा, चरबीसुद्धा मोजतो म्हणणारा. तेव्हा वजन ८४.६ किलो, वय ४७. आता मार्गशीर्ष लागलाय.

आधी वस्तूबद्दल. बाथरूममध्ये ठेवू नका. तिथल्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे माझं वजन दारापाशी एक आणि बेसिनपाशी दुसरं यायचं. हॉलमधल्या एका सपाट फरशीवर त्याची जागा ठरवून टाकली. सेल अजून पहिलेच आहेत. चरबीचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. काटा तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडतो आणि तिला होणाऱ्या अडथळ्यावरून अंदाज बांधतो. अंगातलं पाणी कमीजास्त झालं की अंदाजही हलतो. तळजाईच्या टेकडीवरून घामाघूम होऊन आलो की एक टक्केवारी, तासाभराने दुसरी. 'शरीराचं वय ५४' हे तर बघणंच सोडलं.

एक लबाडीही सापडली. लगेच दुसऱ्यांदा उभं राहिलं की हुबेहूब तोच आकडा. काय अचूक यंत्र, म्हणून मी खूश. मग पाण्याने भरलेलं फुलपात्र हातात घेऊन चढलो, तरी तोच! फरक थोडा असला की हा पठ्ठ्या मागचाच आकडा पुन्हा दाखवतो. दोन किलो तूरडाळीची पिशवी घेऊन एकदा चढायचं, मग रिकाम्या हाताने, तेव्हा तो नव्याने मोजतो.

जुलैच्या मध्यावर ७७.९ झालं आणि तिथेच थांबलं. रोज सकाळी टेकडी, दुपारी वाटीभर भात, रात्री ज्वारीची भाकरी, आणि काटा ७७.५ ते ७८.६ मध्ये झोके घेतोय. ऑगस्टमध्ये मी दिवसातून चारदा काट्यावर चढायचो. बायको म्हणाली, "अहो, त्याला आता नैवेद्य दाखवायचा राहिलाय." श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, मंगळवारी ९०० ग्रॅम जास्त. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एवढी खिचडी घरात झालीच नव्हती. म्हणजे ते पाणी होतं. हे कळत असूनही मंगळवार वाया गेला, आणि संध्याकाळी 'नाहीतरी उपयोग काय' म्हणत फरसाणाचा डबा उघडला तो वेगळाच.

गणपतीनंतर सोडूनच देणार होतो. टेकडीला चार दिवस दांडी झाली. तेवढ्यात नेहमीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ वरून ५.७. म्हणजे ज्या तीन महिन्यांना मी फुकट गेले म्हणत होतो, त्यांतलीच ही कमाई. बायकोच्या शिलाईच्या डब्यातली टेप काढून बेंबीपाशी पोट मोजलं: ९४ सेंटिमीटर. पाडव्याला ९९ होतं, जुलैत ९७. काट्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

वजन का अडलं, याचं उत्तर मात्र ओट्यावरच्या दुसऱ्या काट्याने दिलं, पीठ-साखर मोजायच्या. मी 'चमचाभर' समजत होतो ते फोडणीचं तेल पळीत २२ ग्रॅम भरलं. कोशिंबिरीत आणि उसळीत मिळून शेंगदाण्याचं कूट ३५ ग्रॅम. दोन्हीचं मिळून जवळजवळ ४०० कॅलरी, आणि मी त्या 'सॅलड'च्या खात्यात टाकत होतो. शिवाय सात किलो कमी झालेल्या शरीराला बसल्या जागीच दिवसाला साठ-सत्तर कॅलरी कमी पुरतात, चालतानाही कमीच लागतात. मार्चमधलं ताट ऑक्टोबरमध्ये पुरून उरत होतं. आणि खरं सांगायचं तर टेकडीवर गेल्याच्या जोरावर दिवसभर लिफ्टच वापरत होतो.

कूट निम्मं केलं, तेल मोजून. बायकोला उसळ बेचव लागते, ती तिच्या वाटीत वरून कूट घालते. त्यावरून घरात अजून बोलणी होतात. सकाळी एकदाच चढतो आणि सात दिवसांची सरासरी बघतो, सुटा आकडा नाही. दिवाळीनंतर सरासरी हलली. गेल्या आठवड्याची ७६.३.

काट्याला पाचपैकी तीन. एक गुण त्या लपवाछपवीचा कापला, दुसरा मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या 'तुमची प्रगती थांबली आहे' या निरोपाचा. तो बंद कसा करायचा, हे मला सप्टेंबरात सापडलं: सेटिंगमध्ये सगळ्यात खाली, 'आठवणी' या नावाखाली.